झेन मठाचा आचारी

इ. स. १२२३ च्या उन्हाळ्यात चीनच्या पूर्व किनाऱ्यावर मिंगझोउ बंदरात, म्हणजे आजच्या निंगबोत, जपानहून आलेलं एक जहाज उभं होतं. जहाजावर दोगेन नावाचा तेवीस वर्षांचा भिक्खू होता. खरा धर्म शिकायचा तर चीनमध्येच, या ओढीनं तो समुद्र ओलांडून आला होता, पण अजून त्याचा मुक्काम जहाजावरच होता. एके दिवशी एकसष्ट वर्षांचा एक चिनी भिक्खू जहाजावर चढला. त्याला धर्मचर्चा करायची नव्हती, जपानी अळंबी विकत घ्यायची होती. दुसऱ्या दिवशी पाचव्या महिन्याची पंचमी, सणाचा दिवस. मठातल्या सगळ्यांना त्या दिवशी नूडल्सचं सूप करून घालायचं त्याच्या मनात होतं. हा गृहस्थ आयुवांग पर्वतावरच्या मठाचा मुख्य आचारी. चौतीस-पस्तीस ली, म्हणजे पंधरा-वीस किलोमीटर तो चालत आला होता आणि त्याच रात्री तेवढंच परत जाणार होता.

दोगेनला भलताच आनंद झाला. चिनी मठातला जुनाजाणता भिक्खू घरबसल्या भेटला होता. त्यानं चहा दिला आणि रात्री मुक्काम करा, बोलत बसू, असा आग्रह धरला. म्हाताऱ्यानं नकार दिला. उद्याचं जेवण त्याच्या हातचं होतं आणि बाहेर राहायची परवानगीही त्यानं काढली नव्हती. एवढ्या मोठ्या मठात एक वेळचं रांधायला दुसरं कोणी नाही का, असं दोगेननं विचारलं. उतारवयात हे काम माझ्या वाट्याला आलंय, हीच माझी साधना, ती दुसऱ्याच्या हाती कशी देऊ, असा म्हाताऱ्याचा उलट सवाल. मग दोगेननं कुठल्याही हुशार, पुस्तकी मुलानं विचारला असता तोच प्रश्न विचारला. या वयात शांतपणे ध्यानाला बसावं, जुन्या आचार्यांची वचनं अभ्यासावीत, ते सोडून या चुलीच्या कटकटीत काय मिळतं तुम्हाला? म्हातारा मोठ्यानं हसला आणि म्हणाला की या परदेशी भल्या माणसाला साधना म्हणजे काय हे अजून कळलेलं नाही, आणि अक्षरं म्हणजे काय हेही नाही. मग, कधी आलात तर आमच्या डोंगरावर या, असं आमंत्रण देऊन तो अळंबी घेऊन उठला, कारण सूर्य कलायला लागला होता.

दोगेन पुढे जपानच्या सोतो झेन परंपरेचा संस्थापक झाला. चौदा वर्षांनी, १२३७ साली, क्योतोच्या दक्षिणेला आपल्या कोशोजी मठात त्यानं एक छोटं पुस्तक लिहिलं, 'तेन्झो क्योकुन'. तेन्झो म्हणजे मठाचा मुख्य आचारी. त्याला केलेल्या या सूचना. जहाजावरची भेट त्यात दोगेननं स्वतःच सांगितली आहे आणि आपण तेव्हा कसे ओशाळलो हेही लपवलेलं नाही. झेन हा शब्द आज हॉटेलांच्या, उटण्यांच्या आणि मोबाइल अ‍ॅपच्या नावात सापडतो. मोकळी खोली, पांढरे गोटे, मंद दिवा, आणि मनाला गार वाटायला लावणारं काहीतरी, असा त्याचा अर्थ झाला आहे. या पुस्तकात मनाच्या गारव्याला फारशी जागा नाही. त्यात तांदूळ आहेत, पाणी आहे, डाव-पळ्या आहेत, आणि पानावर बसून वाट पाहणारी माणसं आहेत. दोगेनचं लक्ष सतत या शेवटच्या मंडळींकडे आहे. झेनची रोजची साधना समजून घ्यायची तर माझ्या मते आधी हे पुस्तक उघडावं, ध्यानाची पुस्तकं नंतर.

(आयुवांग हे नाव आपल्या ओळखीच्या माणसाचं. ते राजा अशोकाचं चिनी नाव आहे. अशोकानं उभारलेल्या हजारो स्तूपांपैकी एक इथे होता, अशी त्या मठाची श्रद्धा. दोगेनला स्वयंपाक म्हणजे साधना हे शिकवणारा पहिला माणूस अशोकाच्या नावाच्या डोंगरावरून उतरून आला होता.)

दोगेनचा प्रश्न खुळचट मात्र नव्हता. बुद्धाच्या काळातल्या भिक्खूनं तोच विचारला असता. भारतात भिक्खूला जमीन खणायला मनाई होती, झाडझाडोरा तोडायला मनाई होती. धान्य साठवणं, स्वतः रांधणं यांवरही बंधनं होती. सकाळी पात्र घेऊन गावात जायचं, मिळेल ते दुपारच्या आत खायचं आणि उरलेला दिवस मनाच्या मशागतीला द्यायचा, अशी ती घडी. 'सुत्तनिपाता'त कसी भारद्वाज नावाच्या शेतकरी ब्राह्मणाची गोष्ट आहे. पेरणीच्या दिवशी तो गडीमाणसांना जेवण वाढत असतो. बुद्ध भिक्षेला उभे राहतात. भारद्वाज म्हणतो, मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो, तुम्हीही तसंच करा. बुद्ध सांगतात की मीही शेतीच करतो, आणि मग श्रद्धा, प्रज्ञा, वीर्य यांची एक शेती त्याच्यापुढे मांडतात. उत्तर सुंदर आहे. पण शेतावरच्या माणसाच्या हातातला नांगर लाकडाचा होता आणि बुद्धांचा नांगर मनातला, हेही खरंच.

रोजच्या हालचालींकडे बघायची शिकवण तरीही मुळातलीच आहे. सतिपट्ठान सुत्तात जागृतीची जी यादी येते तिच्यात पुढे जाणं, मागे वळणं, हात आखडणं, पात्र-चीवर सांभाळणं, चावणं, चाखणं, इतकंच काय, मलमूत्रविसर्जनही आहे. साधनेच्या बाहेर ठेवावी अशी एकही क्रिया बुद्धांनी शिल्लक ठेवली नव्हती. त्या यादीत रांधणं मात्र नव्हतं, कारण भिक्खू रांधत नव्हता.

चीनमध्ये ही घडी बसेना. धडधाकट माणसानं दारोदार मागत फिरणं तिथल्या समाजाला मानवणारं नव्हतं, आणि झेन मठ तर गावांपासून दूर, डोंगरात. शेकडो माणसं एकत्र राहायची म्हणजे शेत हवं, कोठार हवं, भटारखाना हवा. आठव्या-नवव्या शतकातला आचार्य बायझांग (मृत्यू ८१४) याच्या नावावर या नव्या व्यवस्थेचं श्रेय जमा आहे. थोरल्या-धाकट्या सर्वांनी मिळून शेतात उतरायचं, असा त्याचा दंडक. त्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. म्हातारपणीही तो कुदळ सोडेना म्हणून शिष्यांनी त्याची अवजारं लपवून ठेवली. त्यानं आरडाओरडा केला नाही. तो जेवायला आला नाही, इतकंच. काम नाही तर जेवणही नाही. शेवटी शिष्यांनी अवजारं मुकाट्यानं परत आणून ठेवली. बायझांगनं लिहिलेली म्हणून जी नियमावली सांगतात तिची मूळ संहिता आज मिळत नाही. चिनी झेन मठांची हाती असलेली सर्वांत जुनी सविस्तर नियमावली ११०३ सालची आहे, आणि दोगेन आपल्या पुस्तकात तिचाच आधार पुन्हा पुन्हा घेतो. भारतीय भिक्खूनं जे काम गृहस्थावर सोपवलं होतं ते चिनी मठानं घरात घेतलं. घरात आल्यावर त्याचं काय करायचं, हलकं मानून नोकरावर सोडायचं की साधना म्हणून अंगावर घ्यायचं, हा प्रश्न तिथून सुरू झाला.

झेनच्या जुन्या गोष्टींत म्हणूनच इतकी भांडीकुंडी आहेत. सहावा धर्माचार्य ह्वेनंग मठात आला तेव्हा आठ महिने तांदूळ कांडत होता. श्वेफंग हा पुढे मोठा आचार्य झाला, पण तेन्झो असताना एकदा तांदूळ धूत बसला होता. गुरूनं विचारलं, तांदळातून वाळू काढतोस की वाळूतून तांदूळ? तो म्हणाला, दोन्ही एकदमच टाकतो. मग लोकांनी खायचं काय, असं गुरूनं विचारल्यावर त्यानं परातच पालथी केली. झाओझोउ या आचार्याकडे एक नवखा भिक्खू उपदेश मागायला आला, तर त्यानं फक्त पेज प्यालास का, एवढंच विचारलं आणि हो म्हटल्यावर त्याला वाडगा धुवायला पाठवलं. ही शेवटची गोष्ट हल्ली फार फिरते आणि तिच्यावर गूढ अर्थांची पुटं चढवली जातात. एवढी गरज नाही. पेज खाल्ल्यावर वाडगा खरकटा राहतो आणि मठात तो दुसरं कोणी धूत नाही.

दोगेन शेवटी किनाऱ्यावर उतरला आणि तिआनतोंगच्या मठात राहिला. तिथे एका दुपारी त्याला दुसरा आचारी दिसला, अडुसष्ट वर्षांचा. पाठ धनुष्यासारखी वाकलेली, भुवया पांढऱ्याशुभ्र. बुद्धमंदिरासमोरच्या तापलेल्या फरशीवर तो अळंबी वाळत घालत होता, डोक्यावर साधी टोपीही नाही. हे काम गड्यांना का सांगत नाही, असं दोगेननं विचारलं. दुसऱ्यानं केलं तर ते माझं करणं होणार नाही, असं उत्तर आलं. पण इतक्या उन्हात कशाला? यावर म्हाताऱ्यानं विचारलं की वाळवायला ऊन हवं, मग ही वेळ सोडून कुठल्या वेळेची वाट पाहू? दोगेन पुढे काही बोलला नाही. ओसरीतून चालता चालता त्याला तेन्झोच्या पदाचं मोल उमगत गेलं, असं तो लिहितो.

गड्यांचा तो उल्लेख वाचताना थांबावं. मठात गडी होते. भाऱ्याचं, सरपणाचं, दळणाचं काम करणारे, भिक्खू नसलेले लोक. म्हणजे दोगेनच्या प्रश्नामागे एक साधी जुनी समजूत होती की बुद्धीचं काम वरचं, हातचं काम खालचं, आणि खालचं करायला खालची माणसं असतात. ही समजूत आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

१२२७ साली तो जपानला परतला आणि क्योतोतल्या केन्निन्जी मठात दोन-तीन वर्षं राहिला. या मठात तेन्झोचं पद होतं, पण ते नुसतं नावाला. त्या पदावरचा माणूस सगळं एका अडाणी नोकरावर टाकून आपल्या खोलीत बसे. झोपा काढी, गप्पा मारी, कधी पोथी वाची. कुठला पदार्थ शिजला, किती शिजला, कसा वाढला, कशाकडे बघायचा नाही. चुलीजवळ जाणं म्हणजे परस्त्रीकडे डोकावण्याइतकं लाजिरवाणं असल्यासारखा वागे, असा टोमणा दोगेननं मारला आहे. एकूण गंभीर प्रकृतीचा माणूस, पण इथे त्याचा पारा चढलेला स्पष्ट दिसतो. पुस्तक लिहायला चीनमधल्या दोन म्हाताऱ्यांइतकंच क्योतोतलं हे निवांत प्रकरणही कारण झालं असावं.

आता पुस्तकात काय आहे ते. तेन्झोचा दिवस दुपारच्या जेवणानंतर सुरू होतो आणि तो दिवस उद्याचा असतो. कोठीवरून उद्याचे तांदूळ, भाज्या ताब्यात घ्यायच्या. त्या मिळाल्या की जास्त-कमी, बऱ्या-वाईट यावरून कुरकुर करायची नाही. मठाचे अधिकारी एकत्र बसून उद्याची पेज कसली, भाजी कुठली हे ठरवतात. ठरलं की ते फलकावर लिहून लावायचं, म्हणजे सगळ्यांना कळेल. तांदूळ आणि भाजी तेन्झोनं स्वतःच्या हातानं धुवायची. तांदूळ बघताना खडे बघायचे आणि खडे बघताना तांदूळ, म्हणजे नको ते राहायला नको आणि हवं ते जायला नको. तांदळाचं धुवणही न बघता ओतायचं नाही, गाळण्याच्या पिशवीतून गाळायचं. एक दाणाही वाया जाता कामा नये. पातेल्यात तांदूळ-पाणी घातल्यावर तिथून हलायचं नाही, उंदीर तोंड घालतील किंवा रिकामटेकडे लोक डोकावतील. मग डाव, पळ्या, चिमटे, टोपल्या. उंच जागेची वस्तू उंच, खालची खाली. घेताना आणि ठेवताना आपटायची नाही. माणूस आपल्या डोळ्यांना जपतो तसं अन्नाला जपायचं. साध्या रानभाजीच्या रश्श्याला नाक मुरडायचं नाही आणि दूध-लोण्याचा बेत असला म्हणून हरखायचं नाही. सहा चवींचा मेळ आहे का ते बघायचं.

मला यात सगळ्यात आवडणारा भाग माणसं मोजण्याचा आहे. तांदूळ किती घ्यायचे हे ठरवण्यापूर्वी तेन्झोनं बसलेली माणसं मोजायची. पण तेवढ्यावर भागत नाही. आजारी खोलीत कोण आहेत, वृद्धांच्या निवासात कोण, बाहेरगावी कोण गेलंय, पाहुणा म्हणून कोण उतरलंय, हे सगळं विचारायचं आणि मगच माप धरायचं. शंका असेल तर त्या-त्या विभागाच्या प्रमुखाला जाऊन विचारायचं. साधनेच्या पुस्तकात हिशेबाचं एवढं कौतुक क्वचितच सापडेल. एकाग्रता म्हणतात ती इथे डोळे मिटून होत नाही. आजारी माणसाला आज काय चालेल याची चौकशी करून होते.

अन्न तयार झालं की तेन्झो आपलं काषायवस्त्र पांघरतो, भिक्खू ज्या दालनात बसलेत त्या दिशेला तोंड करून उदबत्ती लावतो, नऊ वेळा साष्टांग घालतो, आणि मगच जेवण पाठवलं जातं. जेवणारे त्याला दिसत नसतात, त्यांनाही तो दिसत नाही.

पुस्तकाच्या शेवटी दोगेन तीन प्रकारच्या मनांबद्दल लिहितो. पहिलं आनंदी मन. स्वर्गात जन्मलो असतो तर सुखात लोळत राहिलो असतो, कुणासाठी रांधायची वेळच आली नसती, म्हणून माणूस झालो हे बरं झालं, असा त्याचा युक्तिवाद आहे. दुसरं आईबापाचं मन, एकुलत्या एका लेकरावर असावं तसं. स्वतःला ऊन लागतंय की थंडी, हे ज्यात आठवत नाही. तिसरं विशाल मन. समुद्रासारखं, एकाच बाजूला न कलणारं, रतीभराला हलकं आणि शेरभराला जड न मानणारं. यात आईबापाचं मन कळायला सोपं, विशाल मन ऐकायला गोड. अवघड आहे ते पहिलं. रोजचं तेच काम रोज आनंदानं करायचं ही अपेक्षा माणसाकडून करावी का, असा प्रश्न मला पडतो, आणि दोगेननं दिलेलं उत्तर मला पुरतं पटत नाही. पण एक गोष्ट त्याच्या बाजूनं सांगायला हवी. तो आनंद भावना म्हणून मागत नाही, काम करताना तांदळाकडे बघा म्हणून सांगतो. बघणं हातात असतं, आनंद नसतो.

रांधण्याइतकंच त्यानं खाण्यावर लिहिलं. १२४४ साली त्यानं एचिझेन प्रांतातल्या डोंगरात, आजच्या फुकुई जिल्ह्यात, मठ स्थापला. तोच दोन वर्षांनी एइहेइजी या नावानं ओळखला जाऊ लागला आणि आजही चालू आहे. १२४६ मध्ये पेज आणि भात खाण्याच्या नियमांची एक स्वतंत्र पुस्तिका त्यानं लिहिली. भिक्खूचे वाडगे एकात एक बसणारे, कापडात बांधलेले. ते उघडण्यापासून पुन्हा बांधण्यापर्यंतची प्रत्येक हालचाल ठरलेली. बोलणं नाही. सकाळी पेज, सोबत तिळाची पूड-मीठ आणि मुळ्याचं लोणचं. जेवण झालं की वाडग्यात गरम पाणी घ्यायचं, त्यानं वाडगा धुवायचा आणि ते पाणी बहुतेक पिऊन टाकायचं. खरकटं नावाची गोष्ट उरतच नाही.

खाण्याआधी प्रत्येक जण काही दाणे बाजूला काढतो, सातहून जास्त नाही. हे दाणे भुकेल्या जिवांसाठी. आपल्याकडची चित्राहुती आठवेल, पण या दाण्यांची गोष्ट वेगळी आहे आणि तिचं एक चित्र आपल्याच महाराष्ट्रात दगडात कोरलेलं आहे. हारिती नावाची यक्षिणी राजगृहातली मुलं पळवून खायची. बुद्धांनी तिचं सर्वांत धाकटं मूल लपवलं, ती वेडीपिशी झाली, आणि मग तिला दुसऱ्या आयांचं दुःख कळलं. तिनं विचारलं, मुलं खाणं सोडलं तर मी आणि माझी पोरं जगणार कशावर? बुद्धांनी शब्द दिला की माझे भिक्खू रोजच्या जेवणातला वाटा तुला काढून ठेवतील. सातव्या शतकात भारतात येऊन गेलेला चिनी भिक्खू इत्सिंग लिहितो की भारतातल्या विहारांत भोजनशाळेच्या कोपऱ्यात किंवा ओसरीत कडेवर मूल घेतलेल्या हारितीचं चित्र असे आणि तिच्यापुढे रोज अन्न ठेवत. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात गाभाऱ्याशेजारच्या देवळीत ती आपला नवरा पांचिक याच्याबरोबर बसलेली आहे, आणि खालच्या पट्टीत मास्तर आणि पोरांची शाळा कोरली आहे. बहुतेक पर्यटक शेजारच्या चित्रांकडे माना वर करून बघत ती ओलांडून जातात.

दातवणाचा धागाही असाच भारतापर्यंत जातो. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथात, दातवण वापरायला सांगितलं आहे. दोगेन दातवणाबद्दल मोठ्या आस्थेनं लिहितो, आणि चीनमध्ये ही रीत हरवल्यामुळे तिथल्या लोकांच्या तोंडाचा वास दोन-तीन हातांवरून येतो, अशी तक्रारही करतो. धर्मावरच्या आपल्या महाग्रंथात एका आचार्यानं हे लिहावं याची मला गंमत वाटते. तोंड कसं धुवावं यावर त्याचं एक प्रकरण आहे, शौचालय कसं वापरावं यावर दुसरं. झेन मठात तीन जागी बोलायचं नसतं: ध्यानाचं दालन, न्हाणीघर आणि शौचालय. तिन्ही एका पंक्तीत.

रात्रीच्या जेवणाची गोष्ट जास्त मोकळी आहे. दुपारनंतर खायचं नाही हा भारतीय नियम. जपानच्या थंडीत आणि शेतातल्या कष्टानंतर तो पाळणं कठीण. भिक्खू म्हणे शेकलेला दगड पोटाशी धरून झोपत. पुढे रात्रीचं थोडं खाणं सुरू झालं, पण त्याला जेवण न म्हणता औषधाचा दगड म्हणायचं ठरलं. आजही झेन मठांत तेच नाव चालतं आणि त्या जेवणाला वाडग्यांचा पूर्ण विधी नसतो. नियम मोडायचा, पण मोडतोय हे विसरायचं नाही, अशी ती तडजोड. इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेला गेलेल्यांना याचंच दुसरं रूप ठाऊक असेल. तिथे संध्याकाळी नव्या साधकाला फळ आणि चहा मिळतो, जुन्याला नुसतं लिंबूपाणी. आणि तिथला भटारखाना चालवतात ते आधी शिबिर केलेले सेवक, बिनमोबदला. बसणाऱ्याला बसता यावं म्हणून दुसरा कोणी उभा असतो, ही गोष्ट इगतपुरीत आणि एइहेइजीत सारखीच.

या सगळ्याला एक काळी बाजू आहे आणि ती झाकून झेनबद्दल लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. हातातल्या कामात पूर्ण उतर, मी-माझं विसर, प्रश्न विचारू नकोस, हे शिक्षण आचाऱ्याला उपयोगी पडतं तसं सैनिकालाही पडतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानच्या साम्राज्यवादी युद्धांना झेनच्या मोठमोठ्या आचार्यांनी आणि संस्थांनी आशीर्वाद दिले. ब्रायन व्हिक्टोरिया या सोतो परंपरेतल्याच भिक्खूनं १९९७ साली 'झेन अ‍ॅट वॉर' या पुस्तकात हे सगळं कागदपत्रांनिशी मांडलं. सोतो पंथानं १९९० च्या दशकात जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला, आणि म्योशिन्जी या दुसऱ्या मोठ्या परंपरेनं २००१ मध्ये माफी मागितली. दोगेनच्या पुस्तकाकडे परत गेलं की चूक कुठे झाली ते दिसतं. त्याच्या आचाऱ्याची तन्मयता कधीच नुसती कामापुरती नाही. ती जेवणाऱ्यापाशी जाऊन थांबते. काम कुणासाठी, आणि त्यानं कुणाचं काय होतं, हा प्रश्न काढून टाकला की उरते ती निव्वळ कार्यक्षमता, आणि ती कुठल्याही चुलीवर शिजते.

आजच्या 'माइंडफुलनेस'च्या बाजारात हेच सौम्य रूपात घडतं. भांडी घासताना पाण्याचा स्पर्श अनुभवा, मन शांत होईल, असं सांगितलं जातं. होतही असेल. पण त्यात भांडी माझ्या शांतीचं साधन झाली, ती उद्या कुणाच्या पुढ्यात येणार हे सुटून गेलं. पश्चिमेत सगळं असंच झालं असं मात्र नाही. शुन्र्यू सुझुकी १९५९ साली सान फ्रान्सिस्कोला गेले. १९६७ मध्ये त्यांच्या शिष्यांसह कॅलिफोर्नियाच्या डोंगरात तासाहारा मठ उभा राहिला, आणि तिथला तरुण आचारी एडवर्ड ब्राउन यानं १९७० साली पावाच्या पाककृतींचं पुस्तक लिहिलं, ते अमेरिकेत घरोघर गेलं. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते बर्नी ग्लासमन या झेन गुरूनं १९८२ मध्ये न्यू यॉर्कजवळच्या याँकर्समध्ये सुरू केलेली ग्रेस्टन बेकरी. तिथे कामासाठी नाव नोंदवलं की नंबर आल्यावर काम मिळतं. तुरुंगात होतात का, आधी कुठे नोकरी केली, हे विचारत नाहीत. पुढे ग्लासमननं लिहिलेल्या पुस्तकाचं नावही दोगेनच्याच पुस्तकावर बेतलेलं होतं.

आपल्या घरापर्यंत यायचं तर एक अडचण आधीच समोर येते. दोगेनचे आचारी पुरुष आहेत, पदावरचे आहेत, मठाच्या सहा मोठ्या अधिकाऱ्यांत त्यांची गणना होते. घराघरांत आयुष्यभर तांदूळ निवडणाऱ्या बाईला हे पुस्तक वाचून दाखवलं तर ती काय म्हणेल? आजाऱ्याला काय चालेल, पाहुणा कधी येतोय, उद्याचं आज भिजत घालायचं, दाणा वाया घालवायचा नाही, यातलं तिला नवीन काहीच नाही. नवीन एवढंच की कुणीतरी याला साधना म्हटलं आणि त्यासाठी पद निर्माण केलं. तिला हे ज्ञान द्यायला जाणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा होईल, आणि 'रांधणं हीच साधना' हे वाक्य तिला चुलीपाशी बांधून ठेवायला वापरणं तर त्याहून वाईट.

इथे जहाजावर आलेल्या त्या म्हाताऱ्याचा एक तपशील कामाला येतो. आपण गेल्या वर्षीच्या वर्षावासानंतर तेन्झो झालो, असं त्यानं दोगेनला सांगितलं होतं. सातव्या महिन्यात तो तिआनतोंगला येऊन दोगेनला पुन्हा भेटला, तेव्हा यंदाचा वर्षावास संपला होता, त्यानं पद सोडलं होतं आणि तो आपल्या गावाकडे, सिचुआनकडे, निघाला होता. मठात ही जबाबदारी फिरत असे. जो काल ध्यानाला बसलेला होता तो आज कोठीत, आणि आजचा आचारी वर्षभरानं पुन्हा आसनावर. म्हणूनच प्रत्येकाला दोन्ही बाजू ठाऊक असत: वाट बघणाऱ्याची आणि वाट बघायला लावणाऱ्याची. मराठी घरात दोगेनचं पुस्तक कुणाच्या हाती द्यायचं, याचं उत्तर त्यातच मिळतं. ते द्यायचं रोज आयत्या पानावर बसणाऱ्याच्या हाती, आणि वर्षाचं जमत नसेल तर आठवड्यातल्या दोन दिवसांची कोठी त्याच्याकडे द्यायची. माणसं मोजणं, आदल्या रात्रीची तयारी, धुवण गाळणं, शेवटची पळी जागेवर ठेवणं, सगळं धरून; नुसती फोडणी देऊन मोकळं होणं त्यात बसत नाही.